२००७ चे इंडी अल्बम: आधी खोली ऐक, मग गाणं

तुझा प्रश्न मोठा होता, त्याचा सारांश आधी लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू घरी गिटार आणि एकच माइक घेऊन स्वतःची मराठी गाणी रेकॉर्ड करतोस, २००७ हे इंडी अल्बमचं फार मोठं वर्ष होतं असं तुझ्या कानावर आलंय, तर त्यातले माझे आवडते कोणते, इतक्या वर्षांनी काय टिकलं, सुरुवात कुठून करू, आणि तुझ्या घरच्या रेकॉर्डिंगसाठी त्यातून काही घेण्यासारखं आहे का. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी पुण्यात वीसेक वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. २००७ मध्ये मी एका छोट्या स्टुडिओत असिस्टंट होतो, तिथे भक्तिगीतं, जाहिरातींच्या जिंगल, व्हॉइसओव्हर असलं काम यायचं. खोली चारी बाजूंनी पॅक, भिंतीला फोम, खाली कार्पेट, टाळी वाजवली तर तिचा आवाज हातातच मरायचा. आम्हाला शिकवलेलंच असं की रेकॉर्डिंग कोरडं घ्यायचं, खोली ऐकू येता कामा नये, घुमारा काय तो नंतर कॉम्प्युटरमधून टाकायचा. त्यात चूक काही नाही, रोजचं काम तसंच निघतं. पण त्याच वर्षी रात्री घरी जाऊन मी जे अल्बम ऐकत होतो त्यांत जवळपास प्रत्येकात खोली ऐकू येत होती, नाहीतर खोलीच्या जागी दुसरं काहीतरी, पाऊस म्हण, देऊळ म्हण, रस्ता म्हण. माझं सगळं उत्तर या एकाच गोष्टीवर आहे. त्या वर्षीचे जे अल्बम टिकले ते कुठे आणि कसे बनले हे त्यांच्या आवाजातच कळतं, आणि ती जागा करणाऱ्यांनी स्वतः निवडलेली होती.

इंडी म्हणजे काय हेही इथेच सांगून टाकतो. शब्द आला इंडिपेंडंट लेबलवरून, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेरचं लेबल. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं मर्ज रेकॉर्ड्स, १९८९ मध्ये सुपरचंक या बँडमधल्याच मॅक मॅककॉगन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी सुरू केलेलं, किंवा लंडनचं हायपरडब, जे कोडनाइन नावाने वाजवणाऱ्या स्टीव्ह गुडमनने काढलं. पण ही व्याख्या फार ताणू नकोस, कारण मी खाली सांगणार आहे त्यातले काही अल्बम निदान काही देशांत मोठ्या कंपनीमार्फतच आले होते. माझं माप वेगळं आहे, रेकॉर्डिंग कुठे करायचं, किती दिवस करायचं आणि झालं असं कधी म्हणायचं हे ज्याने गाणं केलं त्यानेच ठरवलं असेल तर माझ्या लेखी ते इंडी.

सुरुवात द नॅशनलच्या बॉक्सर या अल्बमपासून कर. मे २००७, लेबल बेगर्स बँक्वेट. ब्रुकलिनमधला बँड, रेकॉर्डिंगचा मोठा भाग कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला पीटर केटिसच्या टारक्विन स्टुडिओत झाला, आणि कव्हरवर जो फोटो आहे ना, तो याच केटिसच्या लग्नात बँड वाजवतोय त्याचा आहे. तुला तो पहिल्यांदा ऐकताना काहीच घडत नाही असं वाटेल, मलाही वाटलेलं, दोन आठवडे मी तो बाजूला ठेवला होता. गायकाचा आवाज खर्जातला, एका ओळीत राहणारा, तो वर जाऊन काही दाखवत बसत नाही. मग एकदा हेडफोन लावून मी फक्त ड्रम ऐकले, आणि तिथे सगळं उघडलं. ब्रायन डेव्हेनडॉर्फ ठेका धरून बसत नाही, तो जवळजवळ दुसरा गायक आहे, आवाज जिथे खाली बसून राहतो तिथे भावना ड्रममधून वर येते. पहिल्याच गाण्यात, फेक एम्पायरमध्ये, पियानो तिनावर चार असा चालतो. तबला शिकलेल्याला हे पटकन कळेल, हाताने तीन मोजत राहा आणि पियानोचे चार बघ कसे त्याच्यावर सरकत बसतात, आणि तो तिढा सुटायची वाट बघता बघता शेवटी ट्रम्पेट वगैरे येतात तेव्हा छाती भरून येते. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात याचंच शब्दांशिवायचं रूप वापरलं होतं. मिक्स करणाऱ्याच्या कानाने सांगायचं तर या अल्बममध्ये खालचे सूर, म्हणजे बास, पियानोचा डावा हात, गायकाचा खर्ज, हे सगळे एकाच पट्टीत गर्दी करून बसलेत, आणि तरी चिखल होत नाही. हे किती अवघड आहे ते एकदा स्वतः करून बघ. मी आजही नवीन स्पीकर लावले की पहिल्यांदा हाच वाजवतो.

त्यानंतर स्पून, टेक्सासमधल्या ऑस्टिनचा बँड, अल्बमचं नाव गा गा गा गा गा, जुलै २००७, मर्ज. जेमतेम ३६ मिनिटं. बॉक्सर जितका भरलेला तितका हा रिकामा. यांच्या ड्रमरचा, जिम इनोचा, स्वतःचा स्टुडिओ आहे, त्यामुळे त्यांना घड्याळाकडे बघत काम करायची गरज नव्हती असं ऐकताना वाटतं, पण त्यांनी ती मोकळीक गोष्टी टाकायला नाही, काढायला वापरली. तबल्यात खाली असते म्हणून भरीला वजन येतं, तेच इथे आहे. गिटार एकदा वाजते आणि पुढचे दोन ठोके गप्प बसते. स्टुडिओतलं बोलणंसुद्धा काही ठिकाणी तसंच ठेवलंय, ते ऐकू आलं की आपण त्यांच्याच खोलीत कोपऱ्यात उभे आहोत असं होतं. तुझ्यासारखा एकट्याने रेकॉर्ड करणारा माणूस ट्रॅकवर ट्रॅक चढवत जातो, कारण कॉम्प्युटरमध्ये ट्रॅकना पैसे पडत नाहीत. हा अल्बम ऐकलास की अर्धे ट्रॅक म्यूट करावेसे वाटतील. कर.

आता रेडिओहेड या इंग्लिश बँडचा इन रेनबोज, तो सोडून २००७ बद्दल बोलताच येत नाही. यांचा ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा करार २००३ च्या अल्बमनंतर संपला होता, म्हणजे आता सांगणारं कोणी नाही. आणि झालं काय, तर ते अडकले. आधी एका दुसऱ्या निर्मात्याबरोबर काम सुरू केलं, ते जमलं नाही, मग २००६ मध्ये नवीन गाणी घेऊन दौऱ्यावर गेले, ती लोकांसमोर वाजवून वाजवून घोटली, आणि परत आपला जुना निर्माता नायजेल गॉडरिच याला बोलावलं. त्याने त्यांना विल्टशरमधल्या टॉटनहॅम हाउस नावाच्या पडक्या वाड्यात नेलं, वाड्याची अवस्था इतकी वाईट होती की बँड बाहेर कॅरव्हॅनमध्ये राहत होता आणि रेकॉर्डिंगला आत जात होता. नंतर आणखी एका जुन्या वाड्यात, लंडनमध्ये आणि ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत काम झालं. न्यूड हे गाणं त्यांच्याकडे जवळजवळ दहा वर्षं पडून होतं, जमत नव्हतं म्हणून. दहा वर्षं! हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, गाणं जमत नसेल तर फेकू नकोस, ठेवून दे.

१ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केलं आणि १० ऑक्टोबरला अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर टाकला, किंमत तुम्ही ठरवा, शून्य सुद्धा चालेल. क्रेडिट कार्डाची फी तेवढी ४५ पेन्स. माझ्याकडे तेव्हा क्रेडिट कार्ड नव्हतं, परदेशात असलेल्या मावसभावाला फोन करून त्याच्या कार्डवर दोन पाऊंड भरले, म्हटलं फुकट नको. फाइल १६० केबीपीएसची एमपी थ्री होती, म्हणजे बरीच दाबून लहान केलेली, यावर मात्र मी तेव्हा नाराज होतो आणि आजही आहे. इतक्या बारकाईने केलेल्या कामाच्या झांजांची टोकं त्या फाइलमध्ये बोथट होतात. तू सीडीवरून किंवा चांगल्या दर्जाच्या फाइलवरून ऐक. पहिलं गाणं फिफ्टीन स्टेप पाच मात्रांचं आहे, झपताल ऐकून वाढलेल्या कानाला पाचाचा हिशोब परका वाटत नाही, मला तरी नाही वाटला, पहिल्याच वेळी टाळी बरोबर पडली. पण मला खरा प्रिय आहे तो या अल्बमचा जवळपणा. आधीच्या अल्बममध्ये हे लोक लांब, काचेपलीकडे वाटायचे, इथे ड्रम छोटे, कोरडे, आणि आवाज हातभर अंतरावर. एवढे प्रचंड वाडे आणि तरी आवाज इतका जवळचा, म्हणजे मोठी खोली मिळाली म्हणून ती प्रत्येक गोष्टीवर ओतायची नसते हे त्यांनी ओळखलं होतं.

आर्केड फायरचं नेमकं याच्या उलट झालं असं माझं मत आहे. माँट्रिअलच्या या बँडने क्युबेकमधल्या फार्नम गावी एक छोटं जुनं चर्चच विकत घेतलं आणि तिथे नियॉन बायबल केला, पाइप ऑर्गन माँट्रिअलच्या मोठ्या चर्चमधला, ऑर्केस्ट्रा आणि कोरस थेट बुडापेस्टमधला. मार्चमध्ये आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या नंबरवर गेला, मर्जसारख्या लेबलसाठी ही फारच मोठी गोष्ट होती आणि त्याचा मला मनापासून आनंद झालेला. पण आज ऐकताना सगळं एकाच वेळी घुमतं, कान दमतो. तेव्हा माझ्या यादीत तो पहिला होता, आता अर्धाच ऐकतो. ऑर्गनवालं इंटरव्हेन्शन मात्र ऐकच.

एलसीडी साउंडसिस्टमचा साउंड ऑफ सिल्व्हर, तोही मार्चचाच. मॅसॅच्युसेट्समधल्या लाँग व्ह्यू फार्म नावाच्या शेतावरच्या स्टुडिओत बँडचा गायक जेम्स मर्फी याने भिंती चंदेरी करून टाकल्या आणि अल्बमचं नाव तिथूनच आलं. मर्फी तेव्हा ३७ वर्षांचा, नाचायच्या संगीतात हे म्हातारपणच धरतात, आणि तो नेमका त्याच वयाबद्दल गातो. ऑल माय फ्रेंड्स साडेसात मिनिटांचं आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पियानोची तीच एक गोष्ट. आज कोणीही ते दोन सेकंदांचा तुकडा कापून लूप करेल. पण कान देऊन ऐक, पियानो हाताने वाजवल्यासारखा आहे, तो किंचित पुढे पळतो, किंचित मागे राहतो, ड्रम त्याला सावरतात, आणि त्या ओढाताणीमुळेच गाणं वर चढतं. गाण्यात मांडणी अशी काही बदलत नाही, तरी शेवटच्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा येतो. मी तेव्हा बावीस-तेवीसचा होतो, मला ते नाचायचं गाणं वाटायचं. आता मित्र पुणे सोडून कुठे कुठे गेलेत, आणि मी ते गाणं गाडी चालवताना ऐकत नाही.

पांडा बेअरच्या पर्सन पिचबद्दल जरा थांबून बोलतो, कारण हा तुला सगळ्यात जास्त अडेल आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या बँडमधला नोआ लेनॉक्स, म्हणजेच पांडा बेअर, २००४ मध्ये अमेरिका सोडून लिस्बनला राहायला गेला, संसार मांडला, आणि घरी दोन बॉस एसपी-३०३ सॅम्पलरवर हा अल्बम केला. एसपी-३०३ म्हणजे टेबलावर मावणारं छोटं यंत्र, बटण दाबलं की साठवलेला तुकडा वाजतो आणि वाजतच राहतो. अल्बमभर हेच, जुन्या रेकॉर्डचे तुकडे गोल फिरतायत आणि त्यावर त्याचा आवाज थरावर थर, भरपूर घुमाऱ्यात. ब्रोज हे गाणं बारा मिनिटांच्या वर जातं. पाश्चात्य मित्रांना हे ऐकवलं की ते म्हणायचे हे कधी पुढे सरकणार, मला तो प्रश्नच कधी पडला नाही. सप्ताहात रात्री दोन वाजता भजनाला बसला असशील तर तुलाही पडणार नाही. टाळकरी एकच चरण घेतात, अर्धा तास तोच, आधी शब्द ऐकू येतात, मग शब्द विरघळतात, मग पखवाज आणि टाळ आणि गळे यातलं काय कुठलं हे कळेनासं होतं आणि तेव्हाच कुणीतरी लय किंचित वाढवतं आणि सगळा मांडव उठतो. पर्सन पिच तसाच ऐकायचा, एका जागी बसून. फोनवर दुसरं काही करत ऐकलास तर हाताला काहीच लागणार नाही.

एम.आय.ए.चा काला ऑगस्टमध्ये आला. माया अरुलप्रगासम, लंडनची, श्रीलंकन तमिळ घरातली. पहिल्या अल्बमला वडिलांचं नाव दिलेलं, या अल्बमला आईचं, काला. अमेरिकेचा व्हिसा अडकला म्हणून ठरलेलं काम तिकडे होईना, मग ती जगभर फिरत रेकॉर्ड करत राहिली, भारत, त्रिनिदाद, लायबेरिया, जमैका, ऑस्ट्रेलिया. चेन्नईत रहमानच्या स्टुडिओत उरुमी वाजवणारे बसवले. उरुमी म्हणजे मधे बारीक असलेलं दोन तोंडांचं तालवाद्य, एका तोंडावर वाकडी काठी घासतात आणि ते हंबरल्यासारखं बोलतं. बर्ड फ्लू आणि बॉइजमध्ये ते ऐक. मला लगेच संबळ आठवतो, तिथेही एका बाजूला वाकडी काठी आणि तोच अंगावर येणारा आवाज. मी गोंधळाचं रेकॉर्डिंग केलंय, संबळ माइकला झेपत नाही, मीटर लाल होतो, आणि आम्ही सवयीने लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय, लावून त्याला माणसाळवायला जातो आणि तो मरतो. काला ऐकल्यावर मला धीर आला, इथे आवाज फुटतोय तर फुटू दिलाय, कारण प्रत्यक्षात समोर उभं राहिलं तरी कान तसेच फुटतात. याच अल्बममध्ये जिमी आहे, म्हणजे आपलं डिस्को डान्सरमधलं, १९८२, बप्पी लाहिरींचं संगीत आणि पार्वती खानचा आवाज, गणपतीच्या मांडवात आणि वरातीच्या बँडवर आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलेलं. आणि ज्या पेपर प्लेन्समुळे तिला जग ओळखतं त्याच्याखाली द क्लॅश या रॉक बँडच्या स्ट्रेट टू हेलचा तुकडा आहे, तेही १९८२ चं. एकाच वर्षातलं मुंबईतलं एक आणि लंडनच्या बँडचं एक, आणि दोन्हींवर तिचा सारखाच हक्क. आपल्याकडच्या मुलांना इंडी म्हणजे इंग्रजी गिटार असं वाटतं, त्यांना मी हा अल्बम देतो.

नोव्हेंबरमध्ये बरिअलचा अनट्रू आला, हायपरडबवर. कोण आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, नाव पुढच्या वर्षी, २००८ मध्ये कळलं, विल्यम बेव्हन, दक्षिण लंडनचा. त्याने हे सगळं साउंड फोर्ज नावाच्या साध्या ऑडिओ एडिटरवर केलं. तुला याचा अर्थ कळावा म्हणून सांगतो, आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये मात्रांची जाळी असते, आवाज टाकला की तो जाळीवर जाऊन चिकटतो. साउंड फोर्जमध्ये तशी जाळी धरून काम होत नाही, समोर फक्त आवाजाची रेघ. म्हणून त्याचे ठेके कुठेही गणितात बसत नाहीत, लंगडत चालतात आणि त्या लंगडण्यातच माणूस दिसतो. गायला कोणीच नाही, दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेले आवाज आहेत, कधी पट्टी वर नेलेले कधी खाली, बाई आहे का पुरुष तेही समजत नाही. आणि सगळ्यावर पाऊस आणि रेकॉर्डची खरखर. पहिल्यांदा मला हा चोरटा उपाय वाटला, खरखर टाकली की सगळंच जुनं आणि दुःखी वाटतं. पुढच्या पावसाळ्यात साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने येत होतो, खिडकीची काच बसत नव्हती, कात्रजच्या घाटात पाऊस आत येत होता आणि कानात हा अल्बम. बाहेरचा पाऊस कुठे संपतो आणि आतला कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की त्याने खरखर सजावट म्हणून टाकलेलीच नाही, तीच त्याची खोली आहे. स्टुडिओ नव्हता त्याच्याकडे, म्हणून त्याने गाण्याभोवती रात्र बांधली.

बाकीचे भराभर सांगतो. गायिका फाइस्टचा द रिमाइंडर पॅरिसजवळच्या ला फ्रेत इथल्या जुन्या मोठ्या घरात झाला, वन टू थ्री फोर हे गाणं आयपॉडच्या जाहिरातीमुळे घराघरात गेलं, पण अल्बममधली शांत गाणी जास्त चांगली आहेत. बॅटल्सचा मिरर्ड ड्रमसाठी ऐक, जॉन स्टॅनियरची झांज डोक्याच्याही वर टांगलेली असते, मुद्दाम, म्हणजे ती सहज हाताला येऊ नये आणि वाजवायची तर विचार करून वाजवावी. ऑफ माँट्रिअलचा हिसिंग फॉना जानेवारीतला, केव्हिन बार्न्सच्या आयुष्यातला फार वाईट काळ त्यात आहे आणि मधलं बारा मिनिटांचं गाणं एका दमात ऐकवत नाही, तरी ते सोडू नकोस.

आणि एक अल्बम असा की तो २००७ चा म्हणावा की २००८ चा यावर अजून वाद घालता येईल. बॉन इव्हरचा फॉर एमा, फॉरेव्हर अगो. या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननचा आधीचा बँड मोडला, प्रेम मोडलं, आजारपण झालं, आणि २००६ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी खोपट्यात जाऊन राहिला, साधारण तीन महिने. २००७ मध्ये त्याने तो स्वतःच काढला, थोड्याच सीडी, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जॅगजॅगुवार लेबलने तो पुन्हा आणला. रेकॉर्डिंगला मुख्य माइक शुअर एसएम-५७. तुझ्याकडे कुठला माइक आहे ते तू लिहिलं नाहीस, पण एसएम-५७ आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पेटीतसुद्धा असतो, गायकाच्या आवाजासाठी सहसा कोणी तो निवडत नाही. त्याने त्यावर आपलाच वरच्या पट्टीतला आवाज पुन्हा पुन्हा गाऊन एकट्याचा कोरस केला. सगळे गळे एकाच माणसाचे, एकाच खोलीतले, म्हणून ते एकमेकांत इतके मिसळतात. यातली खोपट्याची गोष्ट नंतर इतकी सांगितली गेली की लोकांना वाटतं जंगलात जाऊन बसलं की अल्बम होतो. तसं नाही रे. तो आधी बरीच वर्षं बँडमधून वाजवत होता, त्याचा हात तयार होता. खोपट्याने त्याला फक्त वेळ दिला आणि अडवणारं कोणी ठेवलं नाही.

आता माझं. २००९ मध्ये मी एका गायिकेच्या कवितांच्या गाण्यांवर काम करत होतो, आणि डोक्यात हे सगळे अल्बम, म्हणून मी आमच्या कोरड्या खोलीत घेतलेल्या तिच्या आवाजावर कॉम्प्युटरमधून चर्चचा घुमारा टाकला, वरून पावसाचा आवाजही. तिने ऐकलं आणि म्हणाली, हे छान आहे पण हे मी कुठे गातेय? मला उत्तर देता आलं नाही. ते काम तसंच पडून राहिलं. दोन वर्षांनी तीच गाणी आम्ही चिपळूणजवळ तिच्या आजोळच्या घरात पुन्हा घेतली, ओटीवर. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर कौलं. ऐकायला तयार नसशील तरी सांगतो, अशी ओटी आपल्या फ्लॅटमधल्या खोलीपेक्षा गाण्याला किती तरी चांगली असते. फ्लॅटमध्ये स्लॅब आणि फरशी एकमेकांसमोर सपाट, आवाज त्यांच्यामध्ये चेंडूसारखा आपटत राहतो, टाळी वाजवली तर झिंग ऐकू येते. कौलाचं छप्पर उतरतं असतं, खालून खडबडीत असतं, फटीतून आवाज बाहेरही जातो, आणि सारवलेली जमीन फरशीसारखा तो परत फेकत नाही. राहतो तो फक्त एक छोटा, उबदार घुमारा. रात्री घेतलं म्हणून रातकिडे आले, मागच्या दारी पन्हाळीतून पाणी पडत होतं तेही आलं. मी काढायचा प्रयत्नच केला नाही. तिला यावेळी विचारावं लागलं नाही ती कुठे गातेय.

तर तुझ्यासाठी. महाग माइक घेऊ नकोस, आधी घरभर फिरून टाळी वाजव, प्रत्येक खोलीत, जिन्यात, गच्चीच्या दाराशी, कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर. जिथे टाळी ऐकायला बरी वाटते तिथे बस. माइक तोंडापासून वीतभर ठेवून एक टेक घे, मग दोन हात लांब ठेवून एक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही ऐक, रात्री ठरवू नकोस. पंखा बंद, फ्रिज बंद, पण बाहेर कावळा ओरडला म्हणून चांगला टेक टाकून देऊ नकोस. लूप करायचाच असेल तर आधी एकदा तरी पूर्ण गाणं हाताने वाजवून बघ. आणि गाणं संपल्यावर लगेच स्टॉप दाबू नकोस, वीस सेकंद हलू नकोस, तसंच चालू ठेव. तो खोलीचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दे, मिक्सच्या वेळी दोन ओळींमधल्या कापलेल्या जागा भरायला तोच लागतो.